मामांची दहा मिनिटं

माणसाला छळण्याचे जेवढे म्हणून कायदेशीर प्रकार आहेत त्या सगळ्यांत पारंगत असा एकच इसम मी आजवर पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. ओमानमध्ये मराठी माणसं काही कमी नाहीत. पाइपलाइनवर आहेत, इस्पितळांत आहेत, बँकांत आहेत, आणि प्रत्येकाला काही ना काही खोड आहेच. कुणी शुक्रवारी सकाळी मासळीबाजारात जाऊन एकेका सुरमईचे कल्ले उघडून तिची उलटतपासणी घेतो, कुणी बाल्कनीत कढीपत्ता वाढवून त्याचे फोटो गावाला पाठवतो. या खोडी सोसवतात. मामांची सोसवत नसे. खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांसाठी बर्फ पाडणारा एक कारखाना आहे. तिथली यंत्रं मामांनी पस्तीस वर्षं सांभाळली, आणि या पस्तीस वर्षांत बर्फाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बर्फाबद्दल बोलले असते तर एक वेळ मी ऐकलंही असतं. ते बोलत ते हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओंनी बोलपटाच्या अगदी सुरुवातीला काढलेल्या दहा-दहा मिनिटांच्या गाण्यांच्या फिल्मांबद्दल. गुहागर तालुक्यातला माणूस, खाबुऱ्यात बर्फ पाडतो, आणि जीव टाकतो तो अमेरिकेतल्या कुठल्याशा कधीच मरून गेलेल्या जाड्या बाईच्या गाण्यावर! याला काय म्हणावं?

या फिल्मा म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही सुखी आहात. तरी सांगतो, कारण मला हे सगळं मुखोद्गत आहे, मी मागितलं नसताना. सिनेमाला नुकताच कंठ फुटला होता. तेव्हा स्टुडिओवाले काय करत, तर थिएटरांतून गाणीबजावणी आणि नकला करत गावोगाव हिंडणाऱ्या मंडळींना गाठायचं, कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, दोन-तीन गाणी म्हणवून घ्यायची आणि एक रीळ भरलं की पुढच्याला बोलवायचं. हे रीळ दहा मिनिटांचं. मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी, लोक अंधारात खुर्च्या चाचपडत असताना ते दाखवायचं. म्हणजे मुळात लोकांनी लक्षच द्यायचं नाही अशा वेळेसाठी बनवलेली ही वस्तू, आणि मामांनी ती एवढी मनावर घेतलेली! आवाज फिल्मवर नसायचा, वेगळ्या तबकडीवर असायचा. फिल्म आणि तबकडी दोन्ही एकदम सुरू करायची. सुई जरा सरकली की बाईच्या तोंडातून पुरुषाचा आवाज. हा विनोद मामांनी मला किमान साठ वेळा सांगितला असेल आणि साठही वेळा ते एकटेच हसले.

या व्याधीची लागण कशी झाली तेही ऐका. मामा खाबुऱ्याला नवे होते, लग्न व्हायचं होतं, कारखान्याच्या कॅम्पात आठ जण एका खोलीत राहत. कुणी एक गोरा इंजिनियर कायमचा मायदेशी निघाला, आणि जाताना व्हिडिओ कॅसेटींचं एक खोकं मामांच्या हातात ठेवून डोळे मिचकावून गेला. ते डोळे मिचकावणं घातक ठरलं. कॅम्पात बातमी पसरली की 'तसला' माल आलाय. शुक्रवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या, दाराला कडी घातली, शेजारच्या खोलीतले मल्याळी आणि पंजाबी मित्रही अंग चोरून आत आले, आणि वीस-बावीस तरुणांनी श्वास रोखून पाहिलं ते काय, तर गळ्याशी बो बांधलेला एक टकल्या पियानो बडवत आपल्या आईबद्दल गाणं म्हणतोय! अर्ध्या मिनिटात खोली रिकामी झाली. जाता जाता एकाने मामांना चप्पल फेकून मारली म्हणतात. उरले ते मामा. ते म्हणतात, ''सगळे गेले, जावई, पण तो माणूस गातच होता. मला वाटलं, आता आपण उठलो तर बरं दिसणार नाही.'' आता बोला! व्हिडिओतल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून जो बसून राहतो, त्याच्या डोक्यावर उपचार करणारं इस्पितळ आखातात अजून निघालेलं नाही.

लग्न झालं, मामी आल्या, कॅसेटींच्या जागी डिस्क आल्या, मग इंटरनेट आलं, आणि मामांना रान मोकळं मिळालं. कुठल्याकुठल्या संग्रहालयांतून, म्हाताऱ्या शौकिनांकडून त्यांनी असल्या शेकडो फिल्मा गोळा केल्या. दर दोन-तीन महिन्यांनी शुक्रवारी बायको मला ओढत मस्कतहून खाबुऱ्याला घेऊन जाई. मामींच्या हातची तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी हे एक आणि एकमेव आमिष. पण त्या आमटीपर्यंत पोचायला मामांमधून जावं लागे. मामांनी या फिल्मांचा इतिहास दोन युगांत विभागला होता. पहिलं पेटीयुग: कॅमेऱ्याची खडखड टिपली जाऊ नये म्हणून कॅमेरा आणि तो चालवणारा, दोघांना एका बंद पेटीत कोंडत. दुसरं चाकयुग: कॅमेऱ्याला चाकं आली, तो बँडभोवती फिरू लागला, नाचणाऱ्या पोरी वरून दिसू लागल्या, रंग आले, थोडी गोष्टही आली. ''चाकयुगात थाट आला, पण जीव गेला,'' हे मामांचं ठाम मत. पेटीयुगात स्टुडिओत टाचणी पडली तरी टिपली जाई, म्हणून पंखे बंद ठेवत. तर हा महापुरुष, ज्याने उभी हयात गारवा तयार करण्यात घालवली, तो फिल्म लावण्याआधी घरातले एसी बंद करायचा! जून महिन्यात! खाबुऱ्यात! ''त्यांनी कसं सोसलं ते कळलं पाहिजे,'' म्हणायचा. मी घामाने थबथबून मामींकडे पाहायचो. मामी आतून ओरडत, ''जावयाला उकडून वाढू नका हो!'' आणि मामा बोट ओठांवर ठेवून म्हणत, ''श्श! मायक्रोफोन.''

मामींचंही खरं तर कौतुकच करायला हवं. त्या बाईने कशाकशावर पाणी सोडलं! जुन्या काळी फिल्म तुटली तर तुटका तुकडा टाकून नुसतं जोडून चालत नसे, कारण तबकडीवरचा आवाज पुढे निघून जाई. म्हणून जेवढी फिल्म गेली तेवढीच काळी पट्टी मध्ये जोडत. मामांना ही रीत इतकी पटली की लग्नाच्या आल्बममधला एक फोटो हरवला, तेव्हा त्यांनी बरोब्बर तेवढ्याच मापाचा काळा कागद त्या जागी चिकटवला. ''त्यात माझी आई होती,'' मामी मला म्हणाल्या, ''आता पाहुण्यांना मी तो कागद दाखवते आणि सांगते, ही आई.''

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण मामांचं एक दुखणं होतं आणि ते ते लपवतही नसत. त्यांच्याशिवाय जगात कुणीही त्यांची एकसुद्धा फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली नव्हती. एकही. कुणीही. मामी भांडी घासायला उठत. माझी बायको तिसऱ्या मिनिटाला झोपे. त्यांचा मुलगा पुण्याला शिकायला गेला तो फोनवर ''बाबा, लिंक पाठवा'' म्हणे आणि ती कधी उघडत नसे. कारखान्याच्या अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, एकदा मोठ्या अगत्याने बसवलं. हलवा झाला, कहवा झाला, दोन मिनिटं त्यांनी पाहिलं आणि विचारलं, ''खलास?'' मामा म्हणाले, ''आठ मिनिटं राहिलीत.'' ''इन्शाल्ला,'' असं म्हणून अर्बाब सपाता घालून निघून गेले. माझा स्वतःचा विक्रम साडेचार मिनिटांचा, आणि तोही आमटीला उशीर होता म्हणून. मामांची मागणी काय होती? पैसा नको, मानपान नको. ''दहा मिनिटं फक्त. एकदा कुणीतरी अख्खी बघा,'' एवढंच. फिल्मांतली ती माणसं वीस-वीस वर्षं एकच खेळ गावोगाव करून पोट भरत, असं ते सांगत. ''तो खेळ एकदा फिल्मवर गेला की सगळ्या गावांत एकाच दिवशी दिसणार. मग यांना बोलावतंय कोण? यल्ला, घरी जा! स्वतःच्या पोटावर पाय देऊन गायलेत ते, जावई.'' यावर मी म्हणालो, ''मामा, आत काहीतरी करपतंय.'' खरं तर काहीच करपत नव्हतं.

आणि त्यात मी आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक चिटणीस. दर गणेशोत्सवाआधी मामांचा अर्ज येई, सुवाच्य अक्षरात, 'सप्रेम नमस्कार, वि. वि.' पासून सुरू होणारा, आणि मागणी दहा मिनिटांची. दर वर्षी मी ती कापत असे. एकदा चार दिली, एकदा तीन दिली आणि तिसऱ्या मिनिटाला फॅन्सी ड्रेसमधले तीन शिवाजी आणि एक ब्रश घेतलेला दात स्टेजवर सोडले. एका वर्षी बायको फारच मागे लागली म्हणून सहा दिली. त्या वर्षी जे झालं ते आजही मंडळात कुणी बोलत नाही. फिल्म लागली, पण वायर नीट बसली नव्हती, त्यामुळे आवाजच नाही. पडद्यावर एक वयस्क गृहस्थ, कृष्णधवल, काळा कोट, गाणं सुरू होण्याची वाट पाहत निश्चल उभे. नेमके त्याच वेळी आमचे अध्यक्ष गाडी लावून आत आले. अंधार, शांतता आणि पडद्यावर एक कृष्णधवल सज्जन! त्या भल्या माणसाने टोपी काढली, मान खाली घातली आणि हात जोडून उभा राहिला. अध्यक्ष उभे राहिले म्हणून पहिली रांग उभी राहिली, पहिली उभी म्हणून दुसरी, आणि पाहता पाहता अख्खा हॉल श्रद्धांजलीला उभा! लहान पोरं एकमेकांना इंग्रजीत विचारत होती की कोण गेलं. मी वायर शोधत होतो तर मामांनी माझं मनगट धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ''जावई,'' ते कुजबुजले, ''उभे राहिले हो! सगळे उभे राहिले!'' दोन मिनिटं झाल्यावर अध्यक्ष खणखणीत आवाजात म्हणाले, ''ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो. बसा.'' मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, ''कोण हो? आपल्या त्या इब्रा गावातल्या पाटलांचे वडील का?'' श्रद्धांजलीनंतर लगेच गाणी बरी दिसत नाहीत म्हणून आम्ही सरळ लकी ड्रॉला गेलो. मामा त्या दिवशी न जेवता दोन तास गाडी हाकत खाबुऱ्याला परत गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला पुढच्या वर्षीची चिंता मिटल्यासारखं वाटलं.

मागच्या वर्षी मामा साठीचे झाले. व्हिसा पुढे वाढणार नव्हता. महिनाअखेर सामान बांधून गुहागरला जायचं ठरलं. मंडळाने रीतीप्रमाणे शुक्रवारी दुपारी निरोपसमारंभ आणि स्नेहभोजन योजलं. शाल-श्रीफळाचं सांगायला मी फोन केला तर मामा म्हणाले, ''शाल गुहागरात कशाला? घाम पुसू? त्यापेक्षा मला माझी दहा मिनिटं द्या. या वेळी कापू नका, जावई. आता पुढचं वर्ष नाही.'' या वेळी नाही कापली. मी वायर स्वतः दोनदा तपासली, अध्यक्षांना आधी सांगून ठेवलं की कुणीही वारलेलं नाही, आणि जेवणाआधी बरोब्बर दहा मिनिटं राखून ठेवली. ही माझी चूक. महाराष्ट्रातल्या माणसाला तुम्ही आखातात आणा, चंद्रावर न्या, पण तळणाचा वास सुटल्यावर त्याला खुर्चीत बसवून ठेवणं देवालाही जमायचं नाही.

फिल्म एका नवरा-बायकोची होती. पेटीयुगातली. तो पियानोवर, ती बाजूला उभी. दोघंही पन्नाशीची, तिच्या झग्याची लेस एका बाजूने उसवलेली. कसलंसं खट्याळ गाणं होतं, तो मध्येच काही बोले, ती त्याच्या टकलावर टिचकी मारे, दोघं मिळून पुढची ओळ उचलत. तिसऱ्या मिनिटापर्यंत हॉल गप्प होता. मग बाहेरून पहिल्या पुऱ्या कढईत पडल्याचा आवाज आला. मागची रांग गेली. चौथ्या मिनिटाला अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, ''जिलब्या गरम आहेत तोवर...'' आणि वाट न बघता गेले. मग खुर्च्यांचे पाय, मुलांची पळापळ, 'ताटं इकडे', 'आधी बायकांना बसू दे'. सहाव्या मिनिटाला बायकांनी मामींना उठवलं आणि मामांनाही. सत्कारमूर्तींशिवाय पहिली पंगत कशी बसणार? चार-पाच जणी त्यांना दोन्ही हातांना धरून नेत होत्या, आणि ते मागे वळून बघत होते. पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे. ''जावई,'' ते म्हणाले, ''तुम्ही तरी बसा.''

मी बसलो. खोटं का बोलू, लॅपटॉप माझ्या ऑफिसचा होता आणि तो टाकून जाता येत नव्हतं. तीनशे रिकाम्या खुर्च्या आणि मी. सातवं मिनिट गेलं, आठवं गेलं. दुसरं गाणं संथ होतं. शब्द मला नीट कळले नाहीत, पण बाईचा आवाज वरच्या पट्टीत जरा चिरकला तेव्हा नवऱ्याने पियानो हळू केला आणि तिला सांभाळून घेतलं, एवढं माझ्यासारख्या दगडालाही कळलं. गाणं संपलं. तो उठून तिच्याशेजारी उभा राहिला, दोघांनी हात धरून लवून नमस्कार केला, आणि वर पाहिलं. मला वाटलं, संपली. संपली नव्हती. ते तसेच उभे होते. हसू तोंडावर तसंच होतं आणि दोघंही वाट बघत होते. उभा जन्म थिएटरांत काढलेली माणसं; लवल्यावर काय होतं हे त्यांच्या अंगात भिनलेलं. आणि त्या बंद स्टुडिओत तर कुणाला साधं खोकायची परवानगी नव्हती. चार-पाच सेकंद गेली. बाईचं हसू थोडं ढळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, जणू विचारत होती, चुकलं का काही? आणि अंधार झाला.

माझ्या हातांनी काय केलं ते मला नंतर कळलं. मी टाळ्या वाजवत होतो. एकटा, त्या रिकाम्या हॉलमध्ये, अंधाऱ्या पडद्याकडे पाहून, वेड्यासारखा. भानावर आलो तेव्हा दारात मामा उभे होते, कपाळाला कुंकू, हातात अर्धी पुरी. पंगतीतून उठून आले होते. मला इतकी लाज वाटली की मी घाईघाईने वायर गुंडाळू लागलो. ''अख्खी पाहिलीत?'' त्यांनी विचारलं. ''हो,'' म्हटलं, ''लॅपटॉप सोडून जाता येत नव्हतं.'' मामांनी मान हलवली. आता इतिहास सुरू होणार म्हणून मी अंग आवरून बसलो, तर ते सरळ परत पंगतीला गेले.

ते गुहागरला जाऊन आता आठ महिने झाले. मी फोन करत नाही; बायको करते आणि मला नमस्कार सांगते. मागच्या शुक्रवारी मात्र ती बाहेर गेली असताना मीच लावला. मामींनी उचलला. मी म्हटलं, मामांचं वेड कसं आहे? त्या म्हणाल्या, ''कसलं काय हो, आल्यापासून एक फिल्म लावलेली नाही. माडाला पाणी घालतात आणि लवकर झोपतात.'' मग मामा आले. हवापाणी झालं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ''मामा, ते नवरा-बायको कोण होते हो? पुढे काय झालं त्यांचं?'' मला वाटलं, अर्धा तास गेला आता. पण मामा म्हणाले, ''ठाऊक नाही. नावाची पाटी तुटलेली आहे. दुसऱ्या कुठल्या फिल्ममध्ये दिसले नाहीत. पुष्कळ शोधलं.''

लाइन तुटली की काय, म्हणून मी ''हॅलो, हॅलो'' केलं.

''आहे,'' मामा म्हणाले. ''जावई, मी ती फिल्म पस्तीस वर्षं बघतोय. कितीदा पाहिली असेल याचा हिशेब नाही. दर वेळी ती बाई तशी उभी राहते, आणि दर वेळी मी मनात म्हणतो, कुणीतरी वाजवायला पाहिजे होती हो टाळी. दारातून तुम्हाला बघितलं तेव्हा लक्षात आलं. मी बसलेलो असायचो की समोर. मी कधीच वाजवली नाही.''

एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी तो हातात धरून तसाच बसलो. मामांनी अजून बोलायला हवं होतं, असं मला त्या माणसाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.